पोळ्या सोडून सगळं

खमरिया, जबलपूर
रविवार, ५ डिसेंबर १९७१

हेमलता,

मायना काय लिहावा यात दोन अंतर्देशीय पत्रं फुकट गेली. 'चि. सौ.' लिहिलं की सहा वर्षांनी एकदम वडीलकी गाजवल्यासारखं वाटतं, आणि 'प्रिय' असं आपल्या वैरागडकरांच्या घरात कुणी कुणाला म्हटल्याची नोंद नाही. तेव्हा नुसतं नाव. मोठी जाऊ आहे, एवढी सूट मला असावी.

पत्ता कुंदाताईंनी दिला. मंडळाच्या महिला शाखेच्या अध्यक्षा अजून त्याच आहेत. ज्याचा पत्ता त्यांना माहीत नाही असं माणूस अजून जन्मायचं आहे.

शुक्रवारपासून लढाई सुरू झाली, तुम्हाला मझौलीला रेडिओवर कळलंच असेल. इथं खिडक्यांना काळे कागद लावून झाले. दारूगोळ्याच्या फॅक्टरीत डबल ड्यूटी. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, सकाळी साडेसहाला सायकल काढतात आणि परत येताना सायकलच त्यांना आणते. बायकांनी मागं राहू नये म्हणून महिला शाखेनं जवानांसाठी स्वेटर विणायला घेतले आहेत. घरचे डबे दुप्पट, वर हे विणकाम. आम्ही अकरा जणी आहोत, त्यातल्या सात जणींच्या मनगटांना पट्ट्या. शत्रूनं आम्हाला पाहिलं तर त्याला वाटेल, हे काम आपण कधी केलं?

तर परवा कुंदाताईंनी ठराव मांडला. ज्यांची मनगटं दुखतात त्यांच्यासाठी एक छोटं पुस्तक काढायचं, सायक्लोस्टाइल करून. कमी कष्टाचा स्वयंपाक. मळणं नको, लाटणं नको, पिळणं नको, आणि तरी घरच्यांनी मुकाट्यानं जेवावं. "शैलाताई, तुम्हीच लिहा," म्हणाल्या, "तुम्ही लिहिलं की बायका हसत हसत वाचतात."

मी म्हटलं, "मला स्वयंपाकातलं काय कळतं हो? मी मास्तरीण."

"मग ज्याला कळते त्याला विचारा ना. तुमच्या हेमलताला विचारा."

त्यावर सगळ्या जणी आपापल्या सुयांकडे पाहू लागल्या. जणू सगळ्यांचा एकदमच टाका सुटला.

म्हणून विचारते. तुला जे माहीत असेल ते एखाद्या कार्डावर लिहून पाठव. तुझं मनगट आता कसं आहे? माझंही जरा दुखतं. जराच.

त्या जुन्या लेखाचं तू मनावर घेतलं नसशील असं मी धरून चालले आहे. गंमत होती. गणपतीत लोक गंमत ऐकायलाच येतात.

दिवाकर भाऊजींना आशीर्वाद सांग. नको सांगूस. तुला वाटेल तसं कर.

शैलजा


खमरिया
रविवार, १९ डिसेंबर १९७१

हेमलता,

कार्ड मिळालं. मायना नाही, खाली नाव नाही, 'पत्र पावले' नाही. नुसतं:

"कणीक भिजवून दोन तास झाकून ठेवावी. मुरली की तिंबावी लागत नाही.
लाटायची नसेल तर पातळ भिजवून धिरडी घालावी. पळी जड होते, पेल्यानं ओतावं.
लाल भोपळा कापू नये. अख्खा चुलीच्या निखाऱ्यावर ठेवावा. तो आपणच मऊ पडतो. मग चमच्यानं काढावा.
उकडपेंडी करावी. जाड कणीक तेलात भाजायची, ताकाचा हबका मारून झाकण ठेवायचं. ढवळायला उलथनं दोन्ही हातांनी धरावं."

चार वेळा वाचलं. अशी कोरडी पाककृती मी पाहिली नाही. लोक चिमूटभर मीठ तरी घालतात.

इथं गुरुवारी सगळी कॉलनी रस्त्यावर होती. पेढे वाटले, फटाके उडवले, ज्यांनी आयुष्यात कारकुनीशिवाय काही केलं नाही ते एकमेकांना 'जीत गए' म्हणत मिठ्या मारत होते. तुझे भासरे मात्र घरी येऊन पायरीवर बसले आणि म्हणाले, "दिवाकर इथं असता तर नाचला असता." मी आत जाऊन भोपळा निखाऱ्यावर ठेवला. भोपळ्याला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मी काय करायचं ते तू लिहिलं नव्हतंस. ओट्याला टेकून उभी राहिले.

फार सोपं निघालं गं. एवढं सोपं होतं?

आता खरं सांगते. 'जराच दुखतं' हे खोटं होतं. तू गेल्यापासून पोळ्या मीच लाटते. शाळेच्या आधी तीस, आल्यावर वीस; फॅक्टरीतल्या मुलांचे डबे अजून आपल्याकडेच आहेत. पहिल्या वर्षी माझ्या पोळ्या पाहून तुझे भासरे म्हणाले होते, "भारताचा नकाशा बरा जमला, फक्त काश्मीर थोडं जळलं." तेव्हा मला राग आला होता. सहा वर्षांत नकाशा गोल झाला आणि मनगट गेलं. सकाळी चहाची कपबशी उचलताना अंगठ्यापासून कोपरापर्यंत अशी कळ जाते की बशी आपोआप खाली. चार फुटल्या. मुलींचे निबंध तपासताना लाल शाई थरथरते, त्यांना वाटतं बाई फार रागावल्या.

आणि हो, तुझं अक्षर असं काय झालंय? सगळं डावीकडे कलंडलेलं. बसमध्ये बसून लिहिलंस काय? कुंदाताईंना दाखवलं तर म्हणाल्या, "पोरीचं अक्षर तर मोत्यासारखं होतं." मी म्हटलं, मोती ओघळले.

आणखी लिहून पाठव.

शैलजा


खमरिया
रविवार, ९ जानेवारी १९७२

हेमलता,

दुसरं कार्ड.

"भाता-वरणाचा गंज उचलू नये. चुलीवरच ठेवावा, वाटीवाटीनं काढावं.
डाळ रात्री भिजवली की घोटावी लागत नाही.
बरण्यांना झाकण लावू नये, फडकं बांधावं. झाकण फिरवायला लागते.
ओला कपडा पिळू नये. टांगावा, आपण होऊन निथळते.
डाव्या हातानं लिहिते."

शेवटची ओळही तू पाककृतीसारखीच लिहिलीस. मी मागच्या पत्रात मोत्यांचा विनोद केला होता. सहा वर्षांनी पत्र लिहिलं आणि दुसऱ्याच पत्रात पुन्हा तेच. माझ्या तोंडाला मनगट असतं तर तेही मी दुखावून घेतलं असतं.

'गंज उचलू नये' वाचलं आणि पुस्तकाचं काम बाजूला ठेवलं. बाकीच्या बायकांना ही एक सूचना वाटेल. मला तो दिवस दिसला.

पासष्टची दिवाळी. त्या लढाईतही अशीच डबल ड्यूटी होती. तुझ्या भासऱ्यांनी त्यांच्या सेक्शनमधल्या पाच मुलांना, वऱ्हाडातून आलेल्या, सांगून टाकलं होतं की, "मेसचं काय खाता रे, आपल्या घरी या. घडीच्या पोळ्या मिळतील." आजूबाजूला सगळे रोटीवाले, आपण पोळीवाले. आपल्या घरात त्याचा केवढा तोरा. मंडळात माझं कौतुक झालं. "शैलाताईंनी पाच घरं सांभाळली." मी मान खाली घालून कौतुक घेतलं. रोज सत्तर पोळ्या, आणि लाटणारी तू.

त्या दिवाळीत पंगत बसली होती. पाच मुलं, दोघे भाऊ, मी वाढायला भात घेतलेला. तू चुलीवरून वरणाचा गंज उचललास आणि तो तुझ्या हातातून सुटला. उचलून ठेवला नाहीस, टाकलाही नाहीस. बोटं उघडली, बस. सगळं वरण पंगतीत. तू तिथंच उभी, आपल्या हाताकडे असं पाहत होतीस की तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

आणि मी म्हणाले, "घ्या, मनगटराणीची सहा आठवड्यांची सुट्टी मंजूर!"

मुलं हसली. त्यांना गणपतीतला लेख पाठ होता. दिवाकर भाऊजी ताटावरून उठले. अर्धी पोळी तशीच. भरल्या ताटावरून आपल्या घरात कुणी उठत नाही, मयताची बातमी आली तरी हात धुऊन उठतात. ते तसेच उठले, खरकट्या हातानं तुझी पेटी काढली, आणि आठ दिवसांत फॅक्टरीचा राजीनामाही आला. दोघे भाऊ त्या दिवसापासून बोलले नाहीत.

मी सगळ्यांना सांगितलं, एवढ्याशा विनोदावरून. माणसाला विनोद कळायला नको?

गेल्या सोमवारी मी डॉक्टरांकडे गेले. बड्या फुहाऱ्याच्या चौकाजवळचे, तू ज्यांच्याकडे गेली होतीस तेच. म्हातारे झालेत, पण रांग तेवढीच आणि घाईही तेवढीच. माझा अंगठा धरून वाकवला, मी किंचाळले, त्यांनी मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत. मी बाहेर येऊन कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसून ती वाचली.

चिठ्ठीत काय होतं ते इथं लिहिणार होते. तुझे भासरे जेवायला आले. थांबते.

शैलजा


खमरिया
रविवार, ३० जानेवारी १९७२

हेमलता,

तीन आठवडे हे पत्र लिहिते आहे. तू मध्ये आणखी एक कार्ड पाठवलंस, मुगाच्या खिचडीचं. त्यात पहिल्यांदाच खाली लिहिलंस, "तुमचं मनगट शेकावं." म्हणजे आपलं बोलणं सुरू झालं. हे पत्र तुला मिळालं की बहुधा बंद होईल. हे माहीत असून लिहिते आहे, एवढीच एक गोष्ट माझ्या बाजूनं मांडता येईल.

मला मिळालेल्या चिठ्ठीत लिहिलं आहे: उजव्या मनगटाला सहा आठवडे पूर्ण आराम. मळणं, लाटणं, पिळणं, जड उचलणं बंद. नाहीतर हाताची पकड कायमची जाण्याचा संभव.

मी ती पायरीवर बसून वाचली, पण मला वाचायची गरज नव्हती. मला ती पाठ होती. पासष्टच्या भाद्रपदात तू त्याच डॉक्टरांकडून आणलेली चिठ्ठी, शब्दाला शब्द हीच होती.

तू एकटी गेली होतीस बसनं. मी शाळेतून येऊन चहा पीत होते. तू कणकेचे हात धुऊन आलीस आणि चिठ्ठी माझ्या पुढं धरलीस. इंग्रजी म्हणून माझ्यापुढं. म्हणालीस, "वहिनी, डॉक्टरनं म्हटलं आराम करो. मी विचारलं कितना, तर म्हणे, लिख दिया है, घर में पढ़वा लेना. काय लिहिलं जी?"

मी वाचलं. महालक्ष्म्या चार दिवसांवर होत्या. पुरणावरणाचा स्वयंपाक, सोळा भाज्या, सवाष्णी, वर शाळेच्या मोठ्या बाई आणि दोन अधिकाऱ्यांच्या बायका मी जेवायला बोलावलेल्या. पाच मुलांचे डबे होतेच. मी एक घोट चहा घेतला. तो घोट मला अजून आठवतो, साखर कमी होती.

मी म्हणाले, "लिहिलंय की रात्री हाताला आराम द्या, शेक द्या. दिवसा काम चालू ठेवा, नाहीतर मनगट आखडेल."

तू म्हणालीस, "असं होय? मग बरं झालं." आणि कणीक तिंबायला गेलीस.

मी तुझा द्वेष करत नव्हते गं. दुष्टपणाला निदान काही कारण लागतं. मला फक्त गैरसोय नको होती. मला पोळ्या येत नव्हत्या आणि शिकायच्या नव्हत्या. मी चिठ्ठी घडी करून माझ्या लेखांच्या वहीत ठेवली. फाडलीसुद्धा नाही. लिहिणाऱ्या माणसाला कागद टाकवत नाही.

महालक्ष्म्यांना तू दीडशेवर पुरणपोळ्या केल्यास. पाट्यावर पुरण तू वाटलंस. मनगटाला हळदीचं फडकं बांधलेलं होतं. मोठ्या बाई मला म्हणाल्या, "किती लुसलुशीत हो." मी म्हटलं, "आमच्याकडे असंच असतं."

आणि दोन दिवसांनी मंडळाच्या गणपतीपुढं मी लेख वाचला. एका राणीचं मनगट दुखतं, वैद्य तिला सहा आठवडे विश्रांती सांगतो, राजा लाटणं हातात घेतो आणि सैन्य उपाशी मरतं. सहा आठवडे हा आकडा मी कुठून आणला असं तुला वाटलं? विनोदी लेखकाला आकडे सुचत नाहीत, सापडतात. दोनशे माणसं हसत होती. तू तिसऱ्या ओळीत बसली होतीस, तोंडाला पदर लावून. तूही हसत होतीस. तुझ्या हाताबद्दल जे खरं होतं ते मी दोनशे लोकांना सांगितलं, तुझ्यासमोर, माईकवर, आणि ते फक्त तुलाच कळलं नाही.

लोक म्हणतात तू लेखावरून रुसलीस. मीही सहा वर्षं तेच म्हणत आले, कारण लेखाचा अपराध मला सोसण्यासारखा होता. त्याची माफी मागता आली असती, एखादी चांगली साडी घेऊन. चिठ्ठीचं कुणाला माहीत नव्हतं. दिवाकर भाऊजींना नाही, तुझ्या भासऱ्यांना नाही. आता तुला आहे.

तुझी ती चिठ्ठी सोबत पाठवते आहे. मझौलीत कुणी इंग्रजी जाणणारं असेल. माझ्याकडून वाचून घेऊ नकोस.

शैलजा


खमरिया
रविवार, २० फेब्रुवारी १९७२

हेमलता,

तीन आठवडे झाले. पोस्टमन आला की मी उगाचच पायरी झाडते. त्याला वाटतं, मास्तरीणबाई फार टापटीप.

काल तुझ्या भासऱ्यांना सगळं सांगितलं. ते दाढी करत होते. अर्ध्या गालावर साबण तसाच. म्हणाले, "मी सहा वर्षं भावाला आडमुठा म्हणत राहिलो." बस, एवढंच. आज सकाळी उठून त्यांनी स्वतः धिरडी घातली. दोन तव्याला चिकटली. माझ्यापुढं ताटली ठेवली आणि तवा घासायला गेले. ओरडले असते तर मला काही उत्तर सुचलं असतं.

पुस्तकाच्या स्टेन्सिल तयार आहेत. कुंदाताई म्हणतात, सुरुवातीला दोन पानं गमतीची लिहा. मी चार वेळा बसले. पेन धरवत नाही, हे कारण मी त्यांना दिलं.

उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. हे लिहिलं ते खरं नाही, पण तसंच लिहायला हवं.

शैलजा


खमरिया
मंगळवार, ७ मार्च १९७२

हेमलता,

परवा तुझ्याकडे जेवून आले, आणि दोन दिवसांत लगेच पत्र. तिथं तोंडानं हवं ते बोलता आलं नाही. मला, शैलजा वैरागडकरला! मंडळात कुणी ऐकलं तर पेढे वाटतील.

तुझं कार्ड आलं होतं, एकाच ओळीचं. "होळीनंतरच्या रविवारी दोघं या. जेवायला. पोळ्या नाहीत." तुझ्या भासऱ्यांनी ते तीनदा वाचलं आणि विचारलं, "बस किती वाजता आहे?" होळीपासून विचारतच होते. सिहोऱ्याला बस बदलताना त्यांनी दिवाकर भाऊजींसाठी पावशेर जिलबी घेतली, मग म्हणाले, लहानपणी त्याला आवडायची, आता माहीत नाही. आणि जिलबीचा पुडा मांडीवर धरून मझौलीपर्यंत ताठ बसले. उन्हानं पाक त्यांच्या धोतराला लागला, तरी हलले नाहीत.

भाऊजी दारातच होते. दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "दादा, केस पांढरे झाले तुमचे." हे म्हणाले, "तुझे गेले." मग दोघंही, भाऊजी नोकरीला आहेत त्या सोसायटीच्या गोदामात हरभऱ्याची पोती किती आली यावर तासभर बोलत बसले. यांना हरभऱ्यातलं काय कळतं, देव जाणे. जिलबी मात्र भाऊजींनी सगळी खाल्ली.

मी आत आले. तू चुलीपाशी होतीस. भोपळा निखाऱ्यावर होता. भाताचा गंज चुलीवरच, बाजूला वाटी. तू वळून म्हणालीस, "या वहिनी, बसा," आणि मी बसले. सहा वर्षांत तुझ्या उजव्या हाताची बोटं अशी आत वळली आहेत, मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? तू डाव्या हातानं वाढलंस, वाटीवाटीनं, भराभर, एक थेंब सांडला नाही. सगळ्यांचं जेवण झालं आणि कुणालाही काही उचलावं लागलं नाही. मी इतकी वर्षं स्वयंपाक म्हणजे कुणाचा तरी घाम असं समजत होते.

हात धुताना मी विचारलं, "त्यांना सांगितलंस? भाऊजींना?"

"नाही सांगितलं."

"काहून?"

"ते तुमच्याकडं पुन्हा कधीच आले नसते. मग दादांनाही दिसले नसते. तुमच्यासाठी नाही केलं हे."

"माहीत आहे."

"चिठ्ठी वाचून घेतली मी. इथल्या शाळेतल्या मास्तरांकडून. त्यांनी विचारलं, ही इतकी जुनी काहून आणली? मी म्हटलं, आत्ताच मिळाली."

मग तू बराच वेळ भांड्यांवर पाणी ओतत राहिलीस. मी म्हटलं, "हेमलता, मला..." तर तू म्हणालीस, "विचारू नका. माफ केलं का म्हणून विचाराल. मला अजून माहीत नाही. पण एक सांगते. मी हसली होती त्या दिवशी, मंडळात. सगळे हसले म्हणून मीही. मला राग येते तो त्याचा. रोज येते. तुम्ही खोटं बोलल्या ते तुमचं तुम्ही पाहा. पण मी काहून हसली?"

मी तुझ्या हातातली ओली वाटी घेतली आणि फळीवर उपडी घातली.

पुस्तकाचं मी विचारलं. कुणाचं नाव घालू? तू पटकन म्हणालीस, जणू ठरवूनच ठेवलं होतं, "पूर्ण नाव टाका. हेमलता दिवाकर वैरागडकर. आणि वर तुम्ही काही लिहू नका."

"गमतीचं नाही लिहिणार. नुसतं दोन शब्द, की हे सगळं तुझं..."

"काहीच लिहू नका वहिनी."

बरं, म्हटलं. काल कुंदाताईंना सांगितलं की सुरुवातीची पानं येणार नाहीत. त्या म्हणाल्या, "अहो, मग लोक वाचतील कशाला?" मी म्हटलं, "ज्यांचं दुखतं ते वाचतील." आज शंभर प्रती निघाल्या. पहिल्या पानावर कणीक भिजवण्यापासून सुरुवात आहे. खाली कुठं माझं नाव नाही. सोबत पाच प्रती पाठवते आहे.

निघायच्या आधी तू मागच्या अंगणात पाटावर बसलीस, कंगवा पुढं केलास आणि म्हणालीस, "वेणी घालून द्या. रोज इंदू घालते, ती देवळात गेली." इंदू तुझी भावजय, हे मला तेव्हा कळलं. सहा वर्षांत तुझी वेणी कोण घालतं हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. डाव्या हातानं एकट्यानं वेणी घालता येत नाही, हे त्या कार्डांवर तू कुठं लिहिलं नव्हतंस.

मी केस विंचरले. तीन पेड केले. पहिला पेड ओढला आणि अंगठ्यातून कोपरापर्यंत कळ गेली.

"घट्ट ओढा ना वहिनी."

"ओढते आहे."

"कुठं?"

मग तुझ्या लक्षात आलं. तू मागं वळून पाहिलं नाहीस. मान हळूच मागं दिलीस, माझ्या हातांकडे, इतकी की मला ओढावंच लागू नये. तशीच बसून राहिलीस, आभाळाकडे तोंड करून, डोळे मिटून, वेणी होईपर्यंत. मान अवघडली असेल. तेवढ्या वेळात मी जे बोलले नाही ते सगळं इथं लिहायचं होतं. पण तू म्हणालीस काही लिहू नका, आणि ते मी पुस्तकापुरतंच धरत नाही.

वेणी वाईट झाली. मला माहीत होतं. बसथांब्यापर्यंत चालतानाच वरचा पेड सैल पडला होता. बस सुटली तेव्हा मी खिडकीतून पाहिलं. तू भाऊजींच्या शेजारी उभी होतीस आणि वेणी अर्धी उलगडून पाठीवर पसरली होती. इंदू देवळातून येऊन पोचली होती. ती मागून आली, तुझी वेणी हातात घेतली, पुन्हा घालायला.

तू तिचा हात बाजूला केलास.

शैलजा